चेहऱ्याचा ठसा आणि माणसाची ओळख

भाद्रपदात महालक्ष्म्या बसविण्याचा दिवस आला म्हणजे नागपूरपासून सौसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यापर्यंत घरोघरी वर्षभर जपून ठेवलेले मुखवटे पेटीतून बाहेर निघतात. कोणाकडे ते पितळेचे असतात, कोणाकडे शाडूचे. मुखवट्याची घडण कशीही असो, त्याचे डोळे उघडे असतात. कारागीर बाकीचे सर्व काम आटोपल्यावर डोळ्यांची आखणी करतो, आणि ती झाल्याखेरीज मुखवटा पुरा झाला असे कोणी मानीत नाही. देवतेने घराकडे पाहावे, म्हणून ही सारी खटपट असते.

मुखवट्याचा आणखी एक प्रकार आहे. तो कल्पनेने घडविला जात नाही. जिवंत किंवा मृत माणसाच्या चेहऱ्यावरच प्लास्टर लावून त्याचा ठसा घेतात आणि त्या ठशातून हुबेहूब तोच चेहरा पुन्हा ओततात. अशा मुखवट्यात गालावरची सुरकुती उमटते, देवीचा व्रण उमटतो, ओठांच्या कडेची बारीक रेषाही उमटते. पण त्याचे डोळे मात्र नेहमी मिटलेले असतात. ह्या मिटलेल्या डोळ्यांच्या मुखवट्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्याच देशात घडलेला आहे.

प्रथम कृती पाहू. जिप्सम नावाचा मऊ खनिज दगड सुमारे दीडशे अंश उष्णतेवर भाजला म्हणजे त्याच्या अंगचे बहुतेक पाणी निघून जाते आणि त्याची पांढरी भुकटी होते. पॅरिस शहरातील मोंमार्त्र टेकडीच्या खाणींवरून तिला प्लास्टर ऑफ पॅरिस हे नाव मिळाले. ह्या भुकटीत पाणी कालविले की ती गमावलेले पाणी पुन्हा शोषून घेते आणि थोड्याच वेळात दगडासारखी घट्ट होते. घट्ट होताना ती तापते. ठसा घ्यावयाच्या माणसास उताणे निजवितात. त्याचे केस फडक्याने झाकतात, भुवया, पापण्या व मिशा तेलाने चोपडतात, आणि श्वास चालू राहावा म्हणून नाकपुड्यांत पिसांच्या पोकळ दांड्या किंवा नळ्या बसवितात. मग चेहऱ्यावर पातळ प्लास्टरचा पहिला हात देऊन त्यावर जाड थर चढवितात. तो घट्ट होईपर्यंत त्या माणसास बोलता येत नाही, हसता येत नाही, डोळा उघडता येत नाही. कानांवरही प्लास्टर असले तर ऐकूही नीट येत नाही. थर उचलला की हाती येतो तो साचा. त्यात नाकाच्या जागी खळगा असतो आणि डोळ्यांच्या खाचांच्या जागी उंचवटे. साच्याला आतून साबण लावून त्यात पुन्हा प्लास्टर ओतले आणि वरचा साचा हलक्या हाताने फोडून काढला, की मुखवटा तयार होतो.

ही कला फार जुनी आहे. इजिप्तमधील अमार्ना येथे १९१२ मध्ये जर्मन उत्खननात थुटमोस नावाच्या मूर्तिकाराची कार्यशाळा सापडली. राणी नेफर्टिटीचा प्रसिद्ध अर्धपुतळा तेथेच मिळाला. त्याच जागी प्लास्टरचे अनेक चेहरेही मिळाले आणि ते सुमारे तेहेतीसशे वर्षांपूर्वीचे आहेत. माणसाच्या चेहऱ्यावरून प्लास्टरचा साचा घेऊन त्यात मेण ओतण्याची रीत ग्रीसमधील लिसिस्ट्राटस ह्या शिल्पकाराने प्रथम काढली, असे रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. रोमन सरदारांच्या घरी पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटात जपलेले असत आणि घरातील अंत्ययात्रेत ते मिरविले जात.

सन १४०० च्या सुमारास इटलीतील चेनिनो चेनिनी ह्या चित्रकाराने आपल्या ग्रंथात ही कृती बारकाईने लिहून ठेवली. नाकात घालावयाच्या नळ्या पितळेच्या किंवा चांदीच्या असाव्यात, हेही तो सांगतो. त्याची एक सूचना तर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ठसा राजाचा, पोपचा किंवा सम्राटाचा असेल तर प्लास्टर कोमट गुलाबपाण्यात कालवावे, इतरांसाठी विहिरीचे अथवा नदीचे कोमट पाणी पुरे, असे तो सांगतो. चेहरा सर्वांचा सारख्याच रीतीने उमटतो. भेद असतो तो पाण्यात, म्हणजेच समोरच्या माणसाला द्यावयाच्या मानात. पुढील साडेचारशे वर्षांत हा भेद किती वाढत गेला, हे पाहण्यासारखे आहे.

थोरांचे मुखवटे घेण्याची प्रथा युरोप-अमेरिकेत चांगलीच रुजली. नेपोलियन १८२१ च्या मे महिन्यात सेंट हेलेना बेटावर मरण पावला तेव्हा तेथे चांगले प्लास्टर मिळणे कठीण होते. तरी खटपट करून त्याच्या मृत चेहऱ्याचा ठसा घेण्यात आलाच. अब्राहम लिंकनचा ठसा तो जिवंत असताना घेतला गेला. १८६० मध्ये शिकागोचे शिल्पकार लिओनार्ड वोल्क ह्यांनी तो घेतला. सुमारे तासभर लिंकन प्लास्टरखाली स्वस्थ बसून होता. साचा कानांसह एकसंध असल्याने लवकर निघेना, तेव्हा त्याने स्वतःच मान खाली घालून तो हळूहळू सैल करून काढला. कानशिलावरचे काही केस उपटले गेले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ही हकीकत वोल्कने स्वतः लिहून ठेवली आहे. येथे बसणाऱ्याचे नाव जगाला ठाऊक आहे आणि ठसा कशासाठी घेतला जात आहे हे त्यालाही ठाऊक होते. त्याच्या डोळ्यांत आलेल्या पाण्याचीसुद्धा इतिहासाने नोंद घेतली.

आता आपल्या देशाकडे वळू. नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांस औरस पुत्र नव्हता. दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसीच्या सरकारने १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा केले. छिंदवाडा, सौसर, पांढुर्णा हा सारा मुलूख त्यामुळे कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात मुंबई बंदरात तीन जर्मन भाऊ उतरले. हर्मान, अडोल्फ आणि रॉबर्ट श्लागिन्ट्वाइट हे म्युनिकचे राहणारे. थोरला हर्मान अठ्ठावीस वर्षांचा आणि धाकटा रॉबर्ट अवघा एकवीस वर्षांचा होता. विख्यात शास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन हुम्बोल्ट ह्यांच्या शिफारशीवरून ईस्ट इंडिया कंपनी आणि प्रशियाचा राजा ह्यांनी त्यांस आश्रय दिला होता. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी हे त्यांचे मुख्य काम होते, पण दगड, वनस्पती, हवामान, पर्वतांची उंची ह्यांपैकी काहीही त्यांच्या वहीतून सुटत नसे.

मुंबईहून पुण्यावरून दख्खनच्या पठाराने ते मद्रासेस गेले. पुढे त्यांचे मार्ग फुटले. हर्मान आसाम व सिक्कीमकडे गेला, इतर दोघे हिमालयात कुमाऊँ-गढवालकडे वळले. १८५५-५६ च्या हिवाळ्यात रॉबर्टने मध्य भारतातून नर्मदेच्या उगमापाशी अमरकंटकपर्यंत प्रवास केला. हा सारा गोंडांचा मुलूख आहे. ह्या भटकंतीत त्यांच्या सामानात प्लास्टरही असे. वाटेत भेटणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्रीपुरुषांच्या चेहऱ्यांचे ठसे ते घेत गेले. त्यांतून २७५ मुखवट्यांचा संग्रह सिद्ध झाला. लाइपझिग येथील बार्थ ह्या प्रकाशनसंस्थेमार्फत १८५९ पासून त्याच्या प्रती विक्रीस ठेवण्यात आल्या आणि युरोपातील वस्तुसंग्रहालयांनी त्या विकत घेतल्या. ज्याने बहुधा आपला गावही कधी सोडला नव्हता, अशा माणसाचा चेहरा परदेशांतील दालनांत मांडला गेला.

हे काम तिघा भावांनी एकट्याने केले असे मात्र नाही. त्यांच्यासोबत हिंदी लोकांचा मोठा ताफा असे. त्यांत मोंतेरो नावाचा पोर्तुगीज-हिंदी सहायक होता आणि तो संग्रहाची व्यवस्था पाहात असे. कुमाऊँमधील मिलम गावचा नैनसिंग रावत त्यांच्याच पदरी मोजणीचे पहिले धडे शिकला. पुढे वेष पालटून, पावले मोजीत त्याने तिबेटचा नकाशा सिद्ध केला आणि १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्रॅफिकल सोसायटीने त्यास सुवर्णपदक दिले. मोहिमेचा शेवट शोकान्त झाला. मधला भाऊ अडोल्फ मध्य आशियात शिरला आणि १८५७ च्या ऑगस्टमध्ये काश्गर येथे तेथील सत्ताधाऱ्याच्या आज्ञेने त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

ह्या विद्वानांस चेहऱ्यांचे ठसे कशासाठी हवे होते? त्या काळी मानवजातीचे वंश पाडून त्यांची वर्गवारी लावण्याचे शास्त्र युरोपात जोरात होते. चित्रकाराच्या हातून चूक होते, त्याची आवडनिवड चित्रात उतरते. प्लास्टरला मात्र आवडनिवड नाही, ते जसे आहे तसे टिपते, असा विश्वास होता. संग्रहालयात शंभर चेहरे शेजारी शेजारी मांडले की नाक, कपाळ, हनुवटी मोजून कोण कोणत्या वंशाचा हे ठरविता येईल अशी आशा होती. स्वतः हुम्बोल्ट मात्र सर्व मानवजात एकच आहे, तिच्यात उपजत श्रेष्ठ-कनिष्ठ असे वंश नाहीत, असे आपल्या ग्रंथात ठासून सांगत होता. गुरूचा हा उदार विचार बाजूस राहिला आणि मोजपट्टी तेवढी पुढे गेली.

वस्तुतः प्लास्टर समजले जात होते तितके निःपक्षपाती नव्हते. ओल्या थराच्या वजनाने गालांचे मऊ मांस दबते. श्वास कोंडण्याच्या भयाने माणूस ओठ आवळून धरतो, कपाळाला आठ्या पडतात. डोळे मिटल्यामुळे चेहऱ्यावरचा मुख्य भावच नाहीसा होतो. म्हणजे मुखवट्यात उमटतो तो रोजच्या व्यवहारातला माणूस नव्हे. अनोळखी लोकांच्या हाती सापडून जीव मुठीत धरलेला माणूस त्यात उमटतो, आणि पाहणारा तीच त्याच्या वंशाची मुद्रा समजतो. शिवाय हा ठसा देण्यास त्याची संमती कितपत होती? कंपनी सरकारच्या आश्रयाने आलेल्या साहेबास नकार देणे एखाद्या हमालास किंवा रानातल्या गोंडास कितीसे शक्य होते? लिंकनच्या डोळ्यांतील पाणी वोल्कने टिपले. ह्या पावणेतीनशे जणांना काय वाटले, हे सांगण्याची संधी मुखवट्याने त्यांना दिली नाही.

माणसास वस्तू समजण्याची ही दृष्टी लवकरच मध्य प्रांताच्या सरकारी व्यवहारातही उतरली. १८६१ मध्ये मध्य प्रांताची रचना झाली आणि नागपूर त्याची राजधानी झाले. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांच्या कारकिर्दीत १८६६ साली जबलपूर येथे मोठे प्रदर्शन भरले. तेथे कापूस, धान्य आणि यंत्रे ह्यांच्याबरोबर प्रांतातील आदिवासी जमातींची माणसेही तपासणीसाठी आणण्यात आली. त्यांच्यासंबंधीचा समितीचा अहवाल १८६८ मध्ये नागपूर येथे छापला गेला. त्याच्या शीर्षकात ह्या माणसांसाठी जो इंग्रजी शब्द वापरला आहे, त्याचा सरळ मराठी अर्थ ‘नमुने’ असा होतो. येथे ठसा घेण्याचीही गरज उरली नाही. जिवंत माणूसच मुखवटा ठरला.

तथापि त्याच वेळी, त्याच नागपुरात, दुसऱ्या रीतीनेही काम चालले होते. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले. गोंडांचा चेहरा मोजण्यापेक्षा त्यांची भाषा ऐकण्याकडे त्यांचा ओढा होता. एका परधानाच्या तोंडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक व कथेकरी. १८६३ मध्ये टाकळघाटाजवळ ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांच्या कागदपत्रांचे संपादन टेंपल ह्यांनीच केले आणि ते १८६६ मध्ये, म्हणजे जबलपूर प्रदर्शनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले. त्यात लिंगोचे गीत मूळ गोंडी शब्दांसह छापलेले आहे. गोंड लोक कोठून आले, त्यांचे देव कोण, त्यांच्या शाखा कशा पडल्या, हे त्यात गोंडांच्याच तोंडून ऐकू येते. हिस्लॉपही आपल्या काळाच्या समजुतींतून सर्वस्वी मुक्त नव्हते. पण एका माणसाचे तोंड बंद करून त्याची ओळख पटत नाही, त्यास बोलू द्यावे लागते, एवढे त्यांच्या कामावरून स्पष्ट होते.

मोजमापाचा मोह तरीही सुटला नाही. हर्बर्ट रिस्ले ह्यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उच्चनीचता वंशावर आधारलेली असल्याचा सिद्धान्त मांडला. त्यास सडेतोड उत्तर दिले ते मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जात आणि वंश ह्या विषयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी रिस्लेचेच आकडे तपासले आणि उत्तर हिंदुस्थानातील एका भागाबाहेर जातीचा क्रम आणि नाकाचे माप ह्यांचा मेळ बसत नाही, असे दाखवून दिले. त्याच सुमारास इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर ह्यांच्या संस्थेत संशोधन करीत होत्या. युरोपीय कवट्यांच्या घडणीत बुद्धीच्या श्रेष्ठतेची खूण सापडेल, अशी फिशर ह्यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा भेद आढळत नाही, असे गुरूची भीड न ठेवता नमूद केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रातील लोकांची मोजमापेही घेतली, पण त्याबरोबरच ओव्या, नाती, वारी आणि महाभारतातील माणसे समजून घेण्यात आयुष्य वेचले. मोजपट्टी हाती असूनही तिच्या मर्यादा जाणणारी ही विदुषी होती.

मुखवट्याच्या इतिहासातील आणखी एक घटना येथे सांगितली पाहिजे. १९३१ मध्ये हान्स लिश्टेनेकर नावाच्या जर्मन चित्रकाराने नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, तेथील लोकांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे ठसे घेतले. त्याच लोकांचे आवाज त्याने मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रितही केले. भाषा येत नसल्याने ते काय बोलत आहेत हे त्यास कळले नाही. अनेक दशकांनी आनेटे हॉफमन ह्या संशोधिकेने ती मुद्रणे भाषांतरित करवून घेतली. त्यांत ठसे घेण्याच्या त्रासाबद्दलची उघड नाराजी ऐकू आली. २००९ मध्ये केपटाऊन येथील प्रदर्शनात हे आवाज लोकांपुढे ठेवण्यात आले. मुखवटे पाऊणशे वर्षे गप्प होते. आवाज मात्र पहिल्या दिवसापासून बोलत होते, ते समजून घेणारे कोणी नव्हते इतकेच.

ह्या साऱ्याचा आजच्या माणसाशी संबंध काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सावरगावच्या उदाहरणाने देता येईल. जांब नदीच्या एका काठास पांढुर्णा आणि दुसऱ्या काठास सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही काठांचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. ह्या गोटमारीत माणसे जखमी होतात, प्रसंगी प्राणासही मुकतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत रक्तबंबाळ चेहऱ्याचे छायाचित्र झळकते आणि वर्षभर बाहेरच्या जगास सावरगावची तेवढीच ओळख राहते. प्रथा घातक आहे हे खरे, आणि ती सौम्य व्हावी असे म्हणणेही रास्तच आहे. पण त्या गावात कापूस वेचणाऱ्या बाया आहेत, संत्र्याच्या बागा राखणारे शेतकरी आहेत, घरात मराठी व बाजारात हिंदी बोलणारी मुले आहेत. सभोवारच्या डोंगराळ भागात देवगडच्या गोंड राजांची परंपरा सांगणारी माणसे आहेत. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा ह्या सर्वांचा आहे. वर्षातून एका दिवशी घेतलेले ते छायाचित्र म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावर ओतलेले प्लास्टरच होय. ठसा खोटा नाही, पण तो एका क्षणाचा आहे आणि त्याचे डोळे मिटलेले आहेत.

संग्रहालयातील जुने मुखवटे फोडून टाकावेत असा ह्याचा अर्थ नाही. उलट ते जपले पाहिजेत. ज्या काळात छायाचित्रणही दुर्मिळ होते, त्या काळातील सामान्य हिंदी माणसाच्या गालावरची सुरकुती आज केवळ त्यांतूनच पाहावयास मिळते. मात्र त्यांच्याखाली ‘अमुक वंशाचा नमुना’ अशी चिठ्ठी न लावता तो ठसा कोणी घेतला, कोठे घेतला, कोणाच्या सत्तेच्या आधाराने घेतला, हे लिहिले पाहिजे, आणि जेथे त्या माणसाचे नाव-गाव नोंदलेले सापडेल तेथे ते सर्वांत आधी आले पाहिजे. साच्यातून निघालेला चेहरा हा इतिहासाचा कच्चा माल आहे. त्याची आखणी अद्याप व्हावयाची आहे, आणि ते काम पुढील संशोधकांकडे, शिक्षकांकडे आणि वाचकांकडे आले आहे.